दुखत नव्हतं म्हणून

नववीत असताना दात घासून थुंकले की बेसिनमध्ये गुलाबी पाणी दिसायचं. मम्मी म्हणाली, "ब्रश जोरात लागला असणार की गं." मला पटलं, कारण दुखत तर काहीच नव्हतं. मग मी त्या जागी ब्रश लावणंच सोडलं. रक्त येतं तिथे हात लावू नये, एवढंच माझं शहाणपण! मैत्रिणींना सांगायची लाज वाटायची. दात किडला तर लोक चॉकलेटला नावं ठेवतात. हिरडीतून रक्त येतं म्हटलं की आपल्यालाच घाणेरडं ठरवतात.

बारावीत क्वायरच्या ग्रुप फोटोत माझ्या समोरच्या दोन दातांमध्ये फट दिसली. आधी नव्हती. डेंटिस्टनी खुणा केलेली बारीक सळई दात आणि हिरडी यांच्यामध्ये घालून मोजलं. निरोगी हिरडीत ती साधारण 3 मिलिमीटरपर्यंत जाते. माझ्या पहिल्या दाढेपाशी 7 पर्यंत गेली. एक्स-रेमध्ये दात सगळे धड होते, पण त्यांना धरून ठेवणारं हाड खाली गेलं होतं.

आपल्या तोंडात शेकडो प्रकारचे जिवाणू असतात, आणि बरेचसे निरुपद्रवी असतात. वयात येताना शरीरातली संप्रेरकं बदलतात, हिरड्यांचा रक्तपुरवठा वाढतो, आणि दातांवर साचलेल्या चिकट थरामुळे त्या लवकर सुजतात. हे पुष्कळ मुलांना होतं, आणि नीट सफाई केली की बरंही होतं. पण थोड्या मुलांत पहिल्या दाढा आणि समोरचे दात यांच्याभोवतीचं हाड भराभर झिजतं. त्यात बऱ्याचदा सापडणाऱ्या जिवाणूचं नाव अ‍ॅग्रिगॅटिबॅक्टर अ‍ॅक्टिनोमायसेटेमकॉमिटान्स. नाव पाठ करायला मला दोन दिवस लागले! आपल्या बचावाला येणाऱ्या पांढऱ्या पेशींनाच मारणारं विष तो सोडतो. दातांवर किटण फारसं नसतानाही हे होऊ शकतं. म्हणजे मी घाणेरडी नव्हते. गप्प राहिले, ते मात्र चुकलं.

खोल सफाई झाली, औषधं झाली, आजार थांबला. गेलेलं हाड आपोआप परत येत नाही. निघताना डेंटिस्टनी विचारलं, "घरी धाकटं कोण आहे?" हा आजार एकाच घरातल्या भावंडांत दिसतो, जिवाणूही लाळेतून पसरू शकतात.

माझा भाऊ तेव्हा चौदा वर्षांचा. "तुझ्यापण रक्त येतं काय रे?" विचारल्यावर आधी नाही म्हणाला, मग हळूच, "कधीकधी." तोही नळ सोडून बेसिन धुऊन टाकत होता. तपासलं तेव्हा त्याचं हाड शाबूत होतं, नुसती हिरड्यांची सूज होती.

1965 साली डेन्मार्कमध्ये हॅराल्ड लो यांनी 12 निरोगी जणांना दात घासणं बंद करायला लावलं होतं. 10 ते 21 दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागल्यावर साधारण आठवड्यात बऱ्या झाल्या. भावाचंही तसंच झालं. रक्त येत होतं तिथेच मऊ ब्रशने, हलक्या हाताने, रोज दोनदा. थोड्याच दिवसांत पाणी पांढरं झालं.

माझी फट आहे तशीच आहे. आता मी गाताना तोंडावर हात धरत नाही, आणि कुणी विचारलं तर सगळं सांगते. तुमच्या घरी नववी-दहावीतलं कुणी असेल तर एकदा विचारा, "रक्त येतं काय?" पहिल्यांदा नाही म्हणतील. पुन्हा विचारा.