समुद्रापलीकडचा ताशा

त्रिनिदाद म्हटले की आपल्याकडे ब्रायन लारा आठवतो. मला मात्र अलीकडे या देशाच्या नावाबरोबर मोहरम आठवतो. कॅरिबियन समुद्रातल्या या बेटावर दरवर्षी ताजिये निघतात. तिथे या सणाला 'होसे' म्हणतात. 'हुसैन' हे नाव परक्या जिभांवर घासत घासत एवढेच उरले.

हे ताजिये तिथे पोहोचले ते ऊसमळ्यांच्या मजुरांबरोबर. 1838 मध्ये आफ्रिकी गुलाम पूर्ण मुक्त झाले आणि मळेवाल्यांना स्वस्त हात हवे झाले. 30 मे 1845 रोजी 'फतेल रझाक' हे जहाज कलकत्त्याहून मजूर घेऊन तिथे लागले. 1917 पर्यंत सुमारे 1 लाख 43 हजार माणसे करारावर गेली. बहुतेक जण भोजपुरी आणि अवधी मुलखातले होते, काही मद्रासकडचे. हिंदू जास्त, मुसलमान कमी. वर्षभर मळ्यात राबणाऱ्या या सगळ्यांचा मोठा सण मात्र मोहरम होता. हिंदू ताजियाला खांदा देत, आफ्रिकी वस्तीतले लोक ढोल वाजवत. कडेगावच्या उंच ताबुतांचा मोहरम ज्यांनी पाहिला आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही.

नवल वाटले नाही, पण इंग्रज सरकारला भीती वाटली. वेगवेगळ्या मळ्यांतले मजूर एकत्र येऊन हजारोंच्या संख्येने शहरात शिरतात, हे त्यांना नको होते. मिरवणुकांना शहरबंदी झाली. 30 ऑक्टोबर 1884 रोजी, आशुराच्या दिवशी, मजूर ताजिये घेऊन सॅन फर्नांडोच्या वेशीवर आले आणि त्यांच्यावर गोळ्या चालवण्यात आल्या. डझनाहून अधिक माणसे मेली, शंभराच्या आसपास जखमी झाली. मेलेल्यांत हिंदूही होते. करबलाचा शोक करायला निघालेल्यांवर गोळीबार व्हावा, यापुढे मी काय लिहू?

तरी होसे संपला नाही. आज तो मुख्यतः पोर्ट ऑफ स्पेनजवळच्या सेंट जेम्समध्ये आणि नैर्ऋत्येच्या टोकाला सेड्रोसमध्ये होतो. सेंट जेम्सच्या गल्ल्यांची नावे दिल्ली, कलकत्ता, बॉम्बे अशी आहेत. कित्येक दिवस आधीपासून बांबू, कागद आणि चमकीचे ताजिये बनत असतात. बनवणारे तेवढे दिवस दारू आणि मांस वर्ज्य करतात. एका रात्री निशाणे, दुसऱ्या रात्री छोटे ताजिये, मग मोठे. सोबत लाल आणि हिरवा असे दोन प्रचंड चंद्र, लाल हुसैनचा, हिरवा हसनचा. ते खांद्यावर घेऊन माणसे फिरवतात. शेवटी ताजिये समुद्रात सोडतात.

आणि वाजते काय? ताशा. तिथेही त्याला 'तासा'च म्हणतात आणि झांजेला झांज. मातीच्या भांड्यावर बकऱ्याचे कातडे, ते विस्तवावर शेकून ताणायचे. होसेचा हा ताशा आज तिथे हिंदूंच्या लग्नातही घुमतो, जसा आपल्याकडे गणपतीत.

कुणाला जायचे झाले तर भारतातून थेट विमान नाही. रेल्वे 1968 मध्येच बंद झाली. लोक मॅक्सी टॅक्सीने फिरतात. ही छोटी बस, तिच्यावरच्या पट्ट्याच्या रंगावरून ती कुठल्या भागात जाते ते कळते. राजधानीतून सॅन फर्नांडोला समुद्रमार्गे बोटही आहे. जानेवारी ते मे कोरडे दिवस, जूनपासून पाऊस. मोहरम दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो, म्हणून होसे कधी उन्हात, कधी चिखलात. कार्निव्हल मात्र नेहमी उपवासपर्वाआधीच्या सोमवारी-मंगळवारी. कारोनीची खाजणेही पाहावीत. संध्याकाळी लालभडक शराटी पक्षी थव्यांनी परततात आणि हिरवे कांदळवन लाल होते. मार्च ते ऑगस्ट मटुराच्या किनाऱ्यावर अजस्र समुद्रकासवे रात्री अंडी घालायला येतात. एवढ्या सुंदर बेटावर माणसांना बांधून राबवले, हे मनातून जात नाही.

ताजियाबद्दल आपल्या समाजात वाद आहे. अनेक उलेमा त्याला मान्यता देत नाहीत. त्रिनिदादमधले बहुसंख्य मुसलमानही सुन्नी आहेत आणि त्यांतल्या अनेकांना होसे पसंत नाही. मी स्वतः ताजियापुढे नवस बोलणारी नाही. पण फतव्यापलीकडेही एक प्रश्न आहे, आणि भाषेची शिक्षिका म्हणून तो मला टोचतो. भाषा गेल्यावर माणसाजवळ काय राहते?

त्या मजुरांच्या पतवंडांची भाषा आज इंग्रजी आहे. भोजपुरी थोड्या म्हाताऱ्यांजवळ उरली. दालपुरी, आलू, बैंगन हे शब्द स्वयंपाकघरात तगले. वडिलांच्या आईवडिलांना ते अजूनही आजा-आजी म्हणतात, अगदी आपल्यासारखे. बाकी व्याकरण गेले, लिपी गेली. ठेका राहिला. तो कुठल्या पुस्तकात नव्हता, हातात होता, आणि बापाच्या हातातून पोराच्या हातात गेला.

मी दोन भाषा शिकवते आणि दोन्हींविषयी पालक विचारतात, याचा उपयोग काय? उपयोगाचे उत्तर माझ्याजवळ नेहमी नसते. पण एवढे सांगते, की मुलांना नुसती वर्णमाला देऊ नका. तिच्याबरोबर एखादे काम, एखादा सण, हातात धरता येईल असे काहीतरी द्या. बंदुकीसमोर आणि दीडशे वर्षांच्या विसरण्यासमोर टिकले ते तेच.