उकलता येणारं घर

कोकणातलं जुनं घर बांधून कधी पुरं होत नाही. वैशाख सरत आला की कौलं उतरवायची, झाडायची, फुटकी बाजूला काढायची, वाळवीनं खाल्लेली रीप बदलायची आणि सगळं परत चढवायचं. मग पडवीला झड लागू नये म्हणून झापांची ताटी बांधायची. दिवाळीच्या सुमारास खळं चोपायचं, सारवायचं. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. इतक्या पावसाशी कायमचा तह होत नाही, दरसाल नव्यानं बोलणी करावी लागतात.

राजापूरकडचं आमचं घर दुरुस्तीला काढायचं ठरलं, तेव्हा भावकीत एकाच गोष्टीवर एकमत झालं: मूळ रूप जपायचं. पण मूळ म्हणजे नेमकं कधीचं? घरातल्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यातून कळत गेलं की हे छप्पर आधी गवतानं शाकारलेलं होतं, मग त्यावर कुंभाराचे नळे आले आणि मंगलोरी कौलं त्यानंतर. ती कौलं तरी कुठली आपली? बासेल मिशनच्या जर्मन मंडळींनी १८६५ साली मंगळुरात कारखाना काढला आणि तिथला माल समुद्रमार्गे मुंबईपर्यंत जाऊ लागला. ज्या लाल उतरत्या छपराला आपण अस्सल कोकणी म्हणून कॅलेंडरवर छापतो, ते एकेकाळी कुणाच्या तरी पणज्याला नव्या फॅशनचं वाटलं असणार. ओटी मागाहून वाढवलेली, न्हाणी त्याहून अलीकडची. घरातल्या प्रत्येक पिढीनं मुळात काहीतरी बदल केलेलाच होता.

मग जपायचं काय, याचं उत्तर मला पश्चिमेच्या भिंतीपाशी मिळालं. मागच्या पिढीनं ‘पक्कं काम’ म्हणून तिला सिमेंटचा गिलावा केला होता. तिथंच रंगाचे पोपडे धरले होते, लोणा लागला होता, कपाटातली पुस्तकं कुबट झाली होती. जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, सहज तासता येतो. वारा-ऊन खाऊन टणक होतो. पण त्याची भोकं बुजत नाहीत. ओल त्यातून आत येते तशी बाहेरही पडते. सिमेंटनं तिचा बाहेर पडायचा रस्ता अडवला होता. गवंडीदादांनी गिलाव्यावर हातोडी मारून पाहिली, पोकळ आवाज ऐकला आणि म्हणाले, “भितीक श्वास घेवक देवचो आसा की नाय?”

गिलावा उतरला आणि चुन्याचं काम सुरू झालं. कळीचा चुना पाण्यात टाकला की फसफसून उकळतो, तापतो. तो विरवायचा, मुरवायचा, वाळूबरोबर मळायचा. भिंतीवर लावल्यावर हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत तो पुन्हा दगड होतो, पण चिऱ्यापेक्षा मऊच राहतो. हा मऊपणा हीच त्याची हुशारी. चुन्यात बसवलेला चिरा छिन्नीनं सांधा मोकळा केला की अख्खा हाती येतो आणि दुसऱ्या भिंतीत चालतो. सिमेंटमधला चिरा काढू गेलं तर आधी चिरा फुटतो, सांधा तसाच राहतो.

लाकडाचंही तेच. खांबाचा बुंधा कुजला होता. सुतारानं तेवढाच भाग कापला, खाच पाडून फणसाचा नवा तुकडा जोडला आणि सांधा लाकडी खुंटीनं आवळला. नवा फणस पिवळाधमक, वरचा खांब काळपट तांबूस. पॉलिश मारून दोन्ही एकसारखे करू का, असं त्यानं विचारलं. नको म्हटलं. विजेच्या वायरीही भिंत न फोडता नळीतून वरूनच नेल्या. दिसतात थोड्या, पण उद्या काढायच्या झाल्या तर काढता येतील.

एवढ्यावर आम्ही खूश होतो. माजघर आहे तसंच ठेवायचं, तो गार काळोख हाच तर घराचा आत्मा, असं कुणीतरी म्हणालंही. आत्या मुंबईहून आली होती. तिचं लहानपण त्याच माजघरात गेलेलं. ती म्हणाली, “काळोख जपायचाय ना, जपा हो. पण मग भर दुपारी त्या काळोखात तांदूळ निवडायलाही तुम्हीच बसा.”

कुणी काही बोललं नाही. जुन्या घराचं कौतुक बहुतेक ओटीवर बसून झालेलं असतं. चुलीच्या धुरानं डोळे चुरचुरत असतानाही जिला घर सांभाळावं लागलं, तिला कुणी विचारलेलं नसतं. नक्षीदार खांब वाड्यातून हॉटेलात जातात, कोळशाच्या इस्त्रीत मनीप्लांट लावला जातो. घराच्या ओझ्याचं मात्र प्रदर्शन मांडता येत नाही.

माजघराच्या छपरात काचेची कौलं बसवली. स्वयंपाकघराला परसाकडे मोठी खिडकी काढली. मागच्या पडवीत आडोशाची एक भिंत होती. तिच्यामागे बायकांनी महिन्याचे चार दिवस बाजूला बसायचं. ती उतरवली. सांधे चुन्याचेच असल्यामुळे चिरे अख्खे निघाले. त्याच चिऱ्यांनी नवी न्हाणी बांधली, आत्याच्या गुडघ्यांना सोसेल अशा कमोडसकट.

आता पुतण्या विचारतो, पुढेमागे त्याला वर स्लॅब टाकावासा वाटला तर? मला तो आवडणार नाही. स्लॅबखालच्या घरात एकदा चूक झाली की ती सोसायची तरी, नाहीतर फोडायची, हे मी त्याला सांगून ठेवलंय. पण त्याला मनाई करणारा कागद केलेला नाही. या घरात राहणाऱ्याला ते बदलायचा हक्क असावा. आत्याला तो त्या माजघरात कधीच मिळाला नव्हता.