वाँटेजचा चहा

परक्या देशात पहिले पाऊल टाकताना माणसाच्या मनात फार उदात्त विचार येत असावेत, असे प्रवासवर्णने वाचून मला पुष्कळ दिवस वाटत असे. 1971 च्या सप्टेंबरात मी लंडनच्या विमानतळावर उतरले तेव्हा माझ्या मनात एकच विचार होता : बॅगेतला मेतकुटाचा डबा उघडला तर नसेल ना? सुएझचा कालवा 1967 पासून बंद. बोटी आफ्रिकेला वळसा घालून जात, म्हणून विमानाने आलेली. पर्समध्ये त्या वेळच्या नियमाप्रमाणे मिळालेले तीन पौंड, आणि एक चिठ्ठी.

चिठ्ठी पुण्यातल्या एका वृद्ध सिस्टरने दिली होती. मी शाळामास्तरीण. शिक्षणशास्त्राच्या एका वर्षाच्या अभ्यासक्रमासाठी निघाले होते. अभ्यासक्रम सुरू व्हायला महिना अवकाश होता आणि तेवढे दिवस राहायचे कुठे, हा प्रश्न होता. सिस्टर म्हणाल्या, "आमच्या वाँटेजच्या घरी राहा. मी लिहिते."

घरी हे सांगितले आणि वाड्यात भूकंप झाला. "मठात राहणार? मग येताना गळ्यात क्रूस घालूनच या बाईसाहेब!" काका गरजले. आई रडली. आजी तेवढी काही बोलली नाही. वाती वळता वळता तिचे हात मात्र थांबले.

वाँटेज हे नाव आमच्या घरात कुणाला ठाऊक नव्हते. पण पंचहौद ठाऊक होते, आणि पंचहौदातल्या सिस्टर त्याच घरच्या. याच पंचहौद मिशनमध्ये 1890 साली रानडे, टिळक प्रभृती मंडळी व्याख्यानाला गेली, तिथे पुढे आलेला चहा कुणी प्याले, कुणी नुसता हातात धरला, आणि गोपाळराव जोशांनी ती नावे छापवून आणल्यावर साऱ्या पुण्यात रण माजले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, प्रायश्चित्ते झाली. आमचे पणजोबा त्या चहाला गेले नव्हते, याचा आमच्या घराला ऐंशी वर्षे अभिमान होता.

दुसरे कारण कुणी बोलून दाखवीत नसे. आजीला एक धाकटी बहीण होती, गोदी. बाराव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आलेली. 1914 साली, सोळा वर्षांची असताना, ती एका पहाटे कसब्यातल्या घरातून निघाली आणि पंचहौदात सिस्टरांकडे गेली. आजीच्या वडिलांनी घटस्फोट केला; म्हणजे पाण्याने भरलेला घट पालथा करून, जिवंत मुलीच्या नावाने स्नान केले. त्या दिवसापासून ते नाव घरात उच्चारायचे नाही असे ठरले. ती नर्स झाली असे कुणी म्हणे, कुणी म्हणे मिरजेकडे गेली. मला हे सारे एका मावशीकडून, तेही कुजबुजत, कळलेले.

निघायच्या आदल्या रात्री आजीने मेतकुटाचा डबा माझ्या हातात दिला आणि कुणी आसपास नाही असे पाहून म्हणाली, "तिथं जुनं माणूस भेटलं तर विचार हो."

"काय विचारू?"

"विचार," एवढेच म्हणून ती देवघरात गेली.

पॅडिंग्टनहून आगगाडीने डिडकॉट आणि तिथून बस. वाँटेज रोड नावाचे स्टेशन पूर्वी होते, ते 1964 साली बंद झालेले. बसमध्ये मौज झाली. त्याच फेब्रुवारीत इंग्रजांनी बारा पेन्सांचा शिलिंग मोडून शंभर पेन्सांचा पौंड केला होता. कंडक्टरपुढे दोन म्हाताऱ्या तळहातावर नाणी पसरून गोंधळल्या होत्या. लहानपणी पौंड-शिलिंग-पेन्सांची गणिते न सुटल्याबद्दल मी छड्या खाल्ल्या होत्या, आणि 1957 साली आपल्याकडचे आणे जाऊन नवे पैसे आले तो घोळही पाहिला होता. मीच पुढे होऊन त्यांचा हिशेब करून दिला. साहेबाच्या देशात साहेबिणीला पैसे मोजायला शिकवून माझा प्रवेश झाला!

बाजारचौकात आल्फ्रेड राजाचा पुतळा दिसला. हे त्याचे जन्मगाव. एका हातात परशू, दुसऱ्यात लिखाणाची गुंडाळी. ज्याने भाकऱ्या करपवल्याची गोष्ट आम्ही शाळेत वाचली तोच हा. त्याच्याकडे पाहून जरा धीर आला. परक्या घरी फजिती त्याचीही झाली होती.

मठाशी पोहोचले तेव्हा रात्र झाली होती. घंटा वाजवली. एका सिस्टरने दार उघडले, हसली, बोलली मात्र नाही. चिठ्ठी दिली; तिने मान हलवली आणि माझी बॅग उचलून पुढे चालू लागली. वाटेत आणखी दोघी भेटल्या. त्याही हसल्या, त्याही बोलल्या नाहीत. खोलीत आणून सोडले, "गुड नाइट" एवढेच अगदी हळू म्हणून ती गेली. मी पलंगावर बसले. वाटले, झाले! काका म्हणाले ते वेगळे. इथे तर आपण नकोच आहोत. मेजावर टोपीखाली झाकलेली किटली होती, शेजारी कप. मी हात लावला नाही. उगीच नाही, आमच्या घरची ऐंशी वर्षे माझ्या मनगटाला धरून बसली होती. त्या रात्री मेतकूट तळहातावर घेऊन नुसतेच खाल्ले आणि रडतच झोपले.

सकाळी उलगडा झाला. रात्रीची शेवटची प्रार्थना झाली की दुसऱ्या दिवसापर्यंत या घरात मौन असते. हे मला सांगितले, तेही मराठीत! पांढऱ्या केसांच्या, काठी टेकत आलेल्या एका सिस्टरने. "बसा हो बाई. रात्री घाबरलात ना? आधी चहा घ्या." 1931 साली त्या पुण्याला गेल्या होत्या आणि तिथे तीस वर्षे राहिल्या. त्यांची मराठी आमच्या गुरुवार पेठेतली, आणि इतकी जुनी, की आजीच बोलते आहे असा भास व्हावा.

पंडिता रमाबाईंची गोष्ट त्यांनीच काढली. 1883 च्या एप्रिलात रमाबाई मुंबईहून निघाल्या. 'स्त्रीधर्मनीति' या पुस्तकाच्या पैशांतून तिकीट काढलेले, बरोबर दोन वर्षांची मनोरमा आणि आनंदीबाई भगत. डॉक्टरीण व्हायचे होते, ते कमी ऐकू येत असल्यामुळे राहिले. हिंदुस्थानात जाणाऱ्या सिस्टरांना मराठी शिकवायचे आणि इथे राहायचे, असा करार होता. काही महिन्यांतच आनंदीबाईंनी जीव दिला, आणि 29 सप्टेंबरला रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. "पण मांसाला शिवल्या नाहीत हं," सिस्टर म्हणाल्या. "जेवणावरून आमच्या सिस्टरांशी त्यांची पत्रांतून भांडणंसुद्धा झाली."

मी चहाकडे पाहिले. एकटी बाई, कडेवर पोर, आणि चहूकडे न कळणारी माणसे. माझी एका रात्रीची भीती तिच्यापुढे काय होती! मी कप उचलला. चहा निवला होता, दूध जास्त होते, साखर नव्हतीच. तरी तो मी शेवटच्या थेंबापर्यंत प्याले. मग विचारले.

"गोदावरी?" सिस्टरांनी डोळे मिटले. "आडनाव काय?"

माझ्या तोंडून शब्द निघेना. सासरचे आडनाव घरात कुणी कधी सांगितले नव्हते. बाप्तिस्म्याचे नाव कोणते, ते कुणाला माहीत असणार? एका माणसाचे नाव आम्ही इतके नीट पुसले होते की आता शोधायचे म्हटले तरी धागा हाती येत नव्हता.

"मी गेले त्याच्या आधीची गोष्ट," त्या हळूच म्हणाल्या. "त्या वेळच्या आमच्या सिस्टर आता नाहीत. आणि गोदावऱ्या पुष्कळ होत्या हो बाई." थोडा वेळ थांबून म्हणाल्या, "गेलेल्यांची नावं आम्ही प्रार्थनेत घेतो. आज हिचं घेऊ? ती असेल तरी चालेल. देवाला पत्ता लागतो."

संध्याकाळी मी देवळात अगदी मागच्या बाकावर बसले. प्रार्थना मला फारशी कळत नव्हती. नावे सुरू झाली. मेरी, ॲग्नेस, एलिझाबेथ... आणि मग एका इंग्रज बाईच्या तोंडून, व जरासा अडखळलेला, असा शब्द आला : "गोदावरी." सत्तावन्न वर्षांनी ते नाव कुणीतरी मोठ्याने घेतले होते. मी पदर तोंडाशी धरला.

रात्री निळ्या हवाईपत्रावर आजीला सारे लिहिले. थांग लागला नाही, हेही लिहिले. चहाचे लिहावे की नाही, यावर बराच वेळ अडले. शेवटी तेही लिहिले.

उत्तर आले ते आईच्या अक्षरात, दिवाळीनंतर. चकल्या बऱ्या झाल्या, काकांचा राग उतरतो आहे, असली खबरबात होती. शेवटी जागा संपल्यामुळे कडेने उभ्या ओळी लिहिल्या होत्या : "तुझे पत्र सासूबाईंनी दोनदा वाचून घेतले. यंदा तुळशीपाशी त्यांनी एक पणती जास्त लावली. मी विचारले नाही. तू चहात साखर मागून घेत जा, असे सांगायला सांगितले आहे."