नेसेसिटीच्या कुरणात

पिट्सबर्गला येणाऱ्या मराठी माणसाचा कार्यक्रम बहुतेक ठरलेला असतो. पेन हिल्सच्या टेकडीवर व्यंकटेश्वराचं दर्शन, मग ‘फॉलिंगवॉटर’ हे धबधब्यावरचं प्रसिद्ध घर, आणि परत. मी मात्र भाच्याला आधीच सांगून ठेवलं होतं, की मला रूट 40 ने डोंगरात जायचं आहे. अमेरिकन क्रांती म्हटलं की आपल्याला बोस्टनच्या बंदरात बुडवलेला चहा आठवतो. पण तिची ठिणगी जवळजवळ वीस वर्षं आधी, समुद्रापासून दूर या जंगलात पडली होती. ती जागा डोळ्यांनी पाहायची होती.

सुरुवात शहरातूनच केली. उत्तरेकडून ॲलेगेनी येते, दक्षिणेकडून मोनोंगाहेला. दोघींचा संगम होतो आणि पुढे वाहते ती ओहायो. संगमावर उभं राहून नकाशा आठवला की भांडण लगेच ध्यानात येतं. वर कॅनडात फ्रेंच, खाली मिसिसिपीच्या मुखाशी लुइझियानात फ्रेंच, आणि दोन्ही वसाहतींना जोडणारा पाण्याचा रस्ता याच खोऱ्यातून. पूर्वेचे इंग्रज डोंगर ओलांडायला टपलेले. व्हर्जिनियातल्या बड्या जमीनदारांनी ओहायो कंपनी काढली आणि 1749 मध्ये तिला दोन लाख एकरांची सनद मिळाली. भागीदारांत जॉर्ज वॉशिंग्टनचा थोरला सावत्र भाऊ लॉरेन्स होता. पुढे व्हर्जिनियाचा कारभार पाहणारा लेफ्टनंट गव्हर्नर डिनविडीही त्यात आला. कंपनी कुठे संपते आणि सरकार कुठे सुरू होतं हे कळू नये, असा प्रकार आपणही भोगला आहे. त्या खोऱ्यात राहत होते लेनापे, शॉनी आणि सेनेका लोक. हुकूम मात्र लंडनहून सुटला.

युनियनटाउन सोडलं की चढ लागतो. घाटमाथ्यावरून डावीकडे एक छोटा रस्ता जुमॉनव्हिल ग्लेनकडे जातो. गाडी लावून पायवाटेने झाडीत शिरलो. थोडं चालल्यावर अचानक कड्याच्या माथ्यावर आलो. खाली शेवाळलेल्या खडकांची अरुंद घळ, ओल धरून असलेला पालापाचोळा, कातळाच्या भेगांतून वाढलेली झुडपं. कडा फार उंच नाही. माथ्यावरून घळीतल्या माणसाचा चेहरा ओळखू येईल, एवढंच अंतर. 28 मे 1754 च्या सकाळी डिनविडीने धाडलेला बावीस वर्षांचा वॉशिंग्टन जवळपास चाळीस माणसं घेऊन इथं आला. सोबत सेनेकांचा पुढारी टानाचारिसन, ज्याला इंग्रज ‘हाफ किंग’ म्हणत, आणि त्याचे योद्धे. खाली फ्रेंच तुकडी नुकती झोपेतून उठत होती. पहिली गोळी कोणी झाडली यावर दोन्ही बाजूंनी पुढे वाद घातला. पंधरा मिनिटांत सगळं आटोपलं. फ्रेंच अधिकारी जुमॉनव्हिल मारला गेला. तो निरोप घेऊन आलेला वकील होता, असं फ्रेंचांचं म्हणणं.

‘‘मामा, एवढ्याशा जागेत?’’ भाचा म्हणाला. एवढ्याशाच. इथून पेटलेलं युद्ध पुढे युरोप, कॅरिबियन बेटं आणि हिंदुस्थानपर्यंत गेलं. पानिपतावर आपली पिढी कापली गेली त्याच जानेवारी 1761 मध्ये इंग्रजांनी फ्रेंचांकडून पुदुच्चेरी घेतली, ती याच युद्धात.

तिथून काही मैलांवर ग्रेट मेडोज हे कुरण आहे. फ्रेंच सूड घ्यायला येणार हे ओळखून वॉशिंग्टनने इथं घाईने कोट उभारला आणि त्याला नाव दिलं फोर्ट नेसेसिटी. राजगड, सिंहगड पाहिलेल्या माणसाला याला किल्ला म्हणवत नाही. चिरलेल्या ओकच्या ओंडक्यांचं गोल कुंपण, व्यास अवघा 53 फूट. आजचं कुंपण नव्याने उभारलेलं, पण जागा आणि आकार मूळचाच. 1950 च्या दशकात उत्खननात जुन्या खांबांचे बुंधे जमिनीत सापडले. मी आतून एक फेरी मारली. मध्ये छोटं कोठार, त्यात दारू आणि रसद. चारशे माणसं इथं मावणं शक्यच नव्हतं. बहुतेक बाहेरच्या चरांत पडून होती. कुरण सखल, आजूबाजूला चढ आणि चढावर झाडी. 3 जुलैला दिवसभर पाऊस कोसळला, चर भरले, बंदुकीची दारू भिजली. झाडांआडून गोळ्या येत राहिल्या.

रात्री फ्रेंचांनी तहाच्या अटी पाठवल्या. सेनापती होता जुमॉनव्हिलचाच भाऊ. कागद ओला, मजकूर फ्रेंच, उजेड मेणबत्तीचा. त्यात जुमॉनव्हिलची ‘हत्या’ केल्याची कबुली होती, आणि वॉशिंग्टनने सही केली. आयुष्यात त्याने एकदाच शरणागती पत्करली, ती इथं. दुसऱ्या दिवशी, 4 जुलैला, तो आपल्या माणसांसह बाहेर पडला. बावीस वर्षांनी तीच तारीख अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन झाली.

परतताना रस्त्यालगत जनरल ब्रॅडॉकची कबर पाहिली. पुढच्याच वर्षी, 1755 मध्ये, तो इंग्रज फौज घेऊन संगमावरच्या फ्रेंच किल्ल्याकडे निघाला आणि मोनोंगाहेलाकाठी त्याचे नऊशेंहून अधिक लोक मेले वा जायबंदी झाले. शत्रूला सापडू नये म्हणून त्याला भर रस्त्यात पुरलं आणि वरून फौज, गाड्या नेल्या. अजिंक्य मानलेली लाल डगलेवाली फौज जंगलात कशी मोडते, हे वसाहतीतल्या माणसांनी त्या दिवशी पाहिलं. माझ्या मते क्रांतीची अर्धी हिंमत तिथं आली.

उरलेली अर्धी आणली हिशेबाने. 1763 च्या पॅरिसच्या तहाने कॅनडा इंग्रजांचा झाला. फ्रेंचांचा धाक गेला, म्हणजे वसाहतींना लंडनच्या संरक्षणाची गरजही उरली नाही. ब्रिटनचं कर्ज मात्र जवळपास दुप्पट झालं होतं. त्याच उन्हाळ्यात पाँटियॅकच्या नेतृत्वाखाली मूळ रहिवाशांनी ठाण्यांवर हल्ले चढवले. संगमावरच्या, वेढ्यात सापडलेल्या इंग्रजांच्या फोर्ट पिटमधून बोलणी करायला आलेल्या लेनापेंना देवीच्या रुग्णालयातली दोन घोंगडी आणि एक रुमाल भेट म्हणून दिले गेले. हे किल्ल्यातल्याच एका गोऱ्या व्यापाऱ्याच्या स्वतःच्या रोजनिशीत नोंदलं आहे, आणि ते वाचून आजही राग येतो. सरहद्द शांत राहावी म्हणून राजाने 7 ऑक्टोबर 1763 ला जाहीरनामा काढला, की ॲपलेशियन डोंगरापलीकडे वसायचं नाही. राखणीला फौज ठेवली आणि तिच्या खर्चासाठी 1764 मध्ये साखरेवर कर, 1765 मध्ये स्टॅम्प-कर लादला. ज्या जमिनीसाठी लढलो तीच बंद, आणि वर तिच्या पहाऱ्याचे पैसे आम्हीच द्यायचे, हा वसाहतवाल्यांचा संताप. ‘प्रतिनिधित्वाशिवाय कर नाही’ ही घोषणा पुस्तकांत पहिल्या पानावर असते. जमिनीची भूक तिच्यामागे झाकली जाते. ती भूक वॉशिंग्टनलाही होती. जाहीरनामा तात्पुरता आहे असं मानून तो डोंगरापलीकडच्या चांगल्या जमिनी हेरून ठेवत होता, आणि 1770 मध्ये त्याने हे ग्रेट मेडोजचं कुरणही विकत घेतलं.

1774 च्या क्वेबेक कायद्याने ओहायोचं खोरं थेट कॅनडाच्या प्रांताला जोडलं, तेव्हा उरलासुरला धीरही सुटला. पुढच्या वर्षी युद्ध सुरू झालं. त्या युद्धात 1781 मध्ये यॉर्कटाउनला शरण आलेला कॉर्नवॉलिस पाच वर्षांनी गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्यात उतरला.

1783 मध्ये पुन्हा पॅरिसलाच तह झाला. ब्रिटनने मिसिसिपीपर्यंतचा मुलूख नव्या राष्ट्राला दिला. त्या तहात इथल्या मूळ रहिवाशांचा उल्लेखसुद्धा नाही. ते आणखी बारा वर्षं लढले, आणि 1795 च्या ग्रीनव्हिलच्या करारात त्यांना आजच्या ओहायो राज्याचा बहुतेक भाग सोडून द्यावा लागला.