कॉल उचलणारा संगणक
दूरध्वनीवरून येणाऱ्या जोडणीला उत्तर देण्याची सेवा लिनक्सवर, म्हणजे जिचा मूळ संकेत सर्वांना खुला आहे अशा कार्यप्रणालीवर, सुरू करताना सर्वांत मोलाचा ठरतो तो गर्ट डोरिंग यांचा एमगेटी हा प्रोग्राम, कारण कॉल केव्हा उचलायचा हा निर्णय तो मोडेमवर, म्हणजे संगणकाला दूरध्वनीच्या तारेशी जोडणाऱ्या उपकरणावर, सोडत नाही. मोडेमला स्वतःहून उत्तर द्यायला लावले, तर संगणक अडकलेला असतानाही कॉल उचलला जातो आणि पलीकडच्या माणसाला निष्फळ जोडणीचे पैसे मोजावे लागतात. एमगेटी मात्र मोडेम ज्याला जोडलेला असतो त्या सीरियल पोर्टवर ‘रिंग’ हा शब्द उमटेपर्यंत थांबतो, मगच ‘एटीए’ ही उत्तर देण्याची आज्ञा पाठवतो, आणि ‘कनेक्ट’ आले की लॉगिनची ओळ दाखवतो. संगणक बंद पडला असेल तर घंटा नुसती वाजत राहते. कॉल करणाऱ्याची राखलेली ही बूज खरोखर आदरास पात्र आहे. पुढे दूरध्वनीवरून नेटवर्कची जोडणी सांभाळणारा पीपीपीडी हा प्रोग्राम पासवर्ड पडताळतो आणि त्या जोडणीपुरता आयपी पत्ता देतो. जुन्या लिनक्सवर एमगेटी सुरू होतो तो इनिटटॅब या फाइलीतील एका ओळीने, जिच्यातील ‘रीस्पॉन’ हा शब्द कॉल संपताच त्याला पुन्हा उभे करतो.