पुदुच्चेरीच्या छोट्या बाई

दिवाळीच्या सुट्टीत कुणी छत्री घेऊन फिरायला जातं का? मी गेले! आपल्याकडचा पाऊस संपतो, तेव्हा पूर्व किनाऱ्यावर पुदुच्चेरीला तो ऐन भरात असतो.

या गावावर खूप वर्षं फ्रेंचांचं राज्य होतं. भारत 1947 साली स्वतंत्र झाला, पण इथला कारभार आपल्याकडे आला तो 1 नोव्हेंबर 1954 ला. समुद्राजवळ पिवळ्या भिंतींची जुनी घरं आहेत. रस्त्यांच्या निळ्या पाट्यांवर तमिळ आणि फ्रेंच शेजारी-शेजारी. तिथली काही तमिळ कुटुंबं आजही फ्रान्सची नागरिक आहेत आणि त्यांची मुलं फ्रेंच शाळेत शिकतात.

अशाच एका घरी मी उतरले होते. घरच्या आजींची दहा वर्षांची नात घरी तमिळ बोलायची, शाळेत फ्रेंच आणि माझ्याशी मोडकंतोडकं इंग्रजी. पाऊस काही बाहेर पडू देईना. मग आम्ही शाळा-शाळा खेळलो. बाई ती, विद्यार्थिनी मी!

आधी हजेरी. 'गिरिजा' हे नाव मी एकेक इंग्रजी अक्षर सांगून लिहायला दिलं. वहीत बघते तर 'जिरिगा'! फ्रेंच अक्षरं तीच सव्वीस, पण नावं निराळी. आपण ज्याला 'जी' म्हणतो ते त्यांचं 'झे', आणि आपलं 'जे' ते त्यांचं 'झी'. बरोब्बर उलटं! आपला 'एच' तिकडे 'आश' होतो. आणि 'वाय'चं नाव 'ई ग्रेक', म्हणजे ग्रीक 'ई'.

मग तिने माझं सामान पलंगावर मांडलं. एकेक वस्तू उचलायची आणि ती कशी आहे ते सांगायचं. मोठा म्हणजे 'ग्रां', मोठी म्हणजे 'ग्रांद'. लहान असेल 'तो', तर 'पती', लहान असेल 'ती', तर 'पतीत'. 'पती' लिहितानाही शेवटी 'त' असतोच, पण झोपलेला. स्त्रीलिंगासाठी पुढे एक अक्षर जोडलं की तो जागा होतो! नपुंसकलिंग नाहीच. मनात म्हटलं, आपण मराठीत तीन लिंगं सांभाळतो, दोन म्हणजे काय मोठंसं?

छत्री उचलून मी ऐटीत म्हटलं, "मा पतीत पाराप्लुई."

"नो, मिस! मों पती पाराप्लुई!"

फ्रेंचमध्ये छत्री 'तो' आहे! पिशवीही 'तो', आणि घड्याळ मात्र 'ती'. त्यात लहान-मोठा हे शब्द वस्तूच्या आधी येतात आणि रंग मागून. 'मों पती पाराप्लुई नुआर', म्हणजे जसंच्या तसं मराठीत 'माझा लहान छत्री काळा'! मी सात वेळा चुकले. छोट्या बाईंनी कपाळावर हात मारला. माझे कान गरम झाले.

तेव्हा मला माझ्या वर्गातला एक मुलगा आठवला. माझी शाळा जत भागात आहे आणि त्याच्या घरी कन्नड बोलतात. कन्नडमध्ये छत्री काय, डबा काय, वस्तू सगळ्या नपुंसकलिंगी, आणि 'मोठा' हा शब्द कधी बदलतच नाही. एकदा तो "माझा छत्री मोठा" म्हणाला. वर्ग हसला. खोटं कशाला सांगू, मीही हसले. तेव्हापासून तो वस्तूचं नाव घेईना, नुसतं बोट दाखवायचा.

मी त्या मुलीला विचारलं, "तमिळमध्येही वस्तूंना 'तो-ती' नाही. मग तुझ्या कसं लक्षात राहतं?"

ती म्हणाली, "मी शब्द एकटा पाठच करत नाही. त्याचा 'एक' त्याच्याबरोबर. अं पाराप्लुई, यून मोंत्र." म्हणजे एक छत्री, एक घड्याळ. फ्रेंचमध्ये हा 'एक'सुद्धा दोन तऱ्हांचा असतो.

शाळा उघडली तशी मी फळ्यावर लिहिलं: तो डबा, ती छत्री, ते दप्तर. मग माझी फजिती सांगितली आणि छत्री उंच धरून म्हटलं, "माझा लहान छत्री काळा!" वर्ग खदखदून हसला. सगळ्यात जास्त तोच हसला, आणि जागेवरून उठून म्हणाला, "बाई, 'ती' छत्री!"