राजवाड्यावरचं सील आणि खेळाचा परवाना

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातल्या जुन्या इंग्रजी पुस्तकांवर सरफोजी राजांची सही सापडते. दुसरे सरफोजी 1798 ते 1832 या काळात तंजावरच्या गादीवर होते आणि या संग्रहाचा फार मोठा भाग त्यांनी जमवलेला आहे. त्यांनी युरोपातून पुस्तकं मागवली. काशीयात्रेच्या काळात पंडित कामाला लावून उत्तरेतल्या पोथ्या काही विकत घेतल्या, काही नकलून आणल्या. पैसे मोजून आणलेल्या पुस्तकावर आपलं नाव घालायचं, ही रीत राजाची आणि शाळकरी मुलाची एकच.

त्या सहीला किती किंमत आहे, हे पुढे त्यांच्या सुनांना कळलं. सरफोजींचे पुत्र शिवाजी राजे 1855 च्या ऑक्टोबरात वारले. औरस मुलगा नव्हता. ईस्ट इंडिया कंपनीनं राज्य खालसा केलं आणि पुढच्या वर्षी कंपनीचे कमिशनर फोर्ब्स शिपाई घेऊन राजवाड्यात आले. दालनांना सील लागलं, पहारे बसले. राज्याची मालमत्ता कोणती आणि राजघराण्याची खासगी कोणती, असा भेद त्यांनी केला नाही. थोरल्या राणी कामाक्षीबाईसाहेब मद्रासच्या सुप्रीम कोर्टात गेल्या आणि तिथे जिंकल्या. पण 1859 मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं तो निकाल फिरवला: ही राज्यसत्तेची कृती आहे, ती न्याय्य की अन्याय्य हे तपासायचा अधिकार कोर्टाला नाही. कायद्याचे विद्यार्थी हा खटला आजही वाचतात. 1862 मध्ये सरकारनं जमिनी राजघराण्याच्या वारसांना परत दिल्या, पण त्या सरकारच्या मर्जीनं आल्या, हक्कानं नव्हे.

माझं आजोळ तंजावरचं. मामांचं घर राजवाड्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, त्यामुळे हा खटला मी लहानपणी गोष्टीसारखा ऐकला. आता पुण्यात मी व्हिडिओ गेमच्या ऑनलाइन दुकानांसाठी प्रोग्रॅमिंग करतो. कोणत्या खात्यानं कोणता खेळ घेतला, याची नोंद ठेवणारी यंत्रणा लिहिणं हे माझं काम. ते काम करताना कामाक्षीबाईंचा खटला मला पुन्हापुन्हा आठवतो, आणि का आठवतो ते सांगण्यासाठी हा लेख.

तुम्ही ऑनलाइन दुकानातून खेळ घेता तेव्हा आमच्याकडे एक ओळ तयार होते. तीत तुमच्या खात्याचा क्रमांक, खेळाचा क्रमांक, खरेदीची तारीख आणि एक रकाना: चालू की रद्द. खेळाची फाइल तुमच्या मशीनवर उतरते, पन्नास-साठ जीबी जागा अडवते. तुम्ही खेळाच्या चित्रावर बोट ठेवलंत की मशीन आधी आमच्याकडे विचारणा करतं, आम्ही ती ओळ वाचतो आणि हो म्हणतो. काही मशीन एकदा मिळालेला होकार जपून ठेवतात आणि काही काळ इंटरनेटशिवायही चालतात. पण त्या रकान्यात ‘रद्द’ आलं की साठ जीबीची फाइल जशीच्या तशी डिस्कवर पडून राहते आणि उघडत नाही. तुमच्या घरात कोणी शिरलेलं नसतं. सील मात्र लागलेलं असतं.

हे नुसतं कल्पनेतलं नाही. युबिसॉफ्टचा ‘द क्रू’ हा मोटारींच्या शर्यतीचा खेळ 2014 मध्ये आला. 31 मार्च 2024 ला त्याचे सर्व्हर बंद झाले. एकट्यानं खेळायचा भागही सर्व्हरशिवाय चालत नव्हता, त्यामुळे खेळ संपूर्ण मेला आणि त्यानंतर लोकांच्या खात्यांतून त्याचा परवानाही काढून घेतला गेला. ज्यांनी दुकानातून डबाबंद डिस्क आणली होती त्यांच्या हातीही काही उरलं नाही. डिस्क घेतली की खेळ आपला आणि डाउनलोड केला की कंपनीचा, असं समजणाऱ्यांनी हे उदाहरण नीट पाहावं.

डिस्कवर माझा जीव आहे. आपल्याकडे नवा मोठा खेळ पाच हजारांच्या आसपास पडतो. आमच्या पिढीला तो परवडला तो सीडी (ब्लू-रेलाही आपण सीडीच म्हणतो) अर्ध्या किमतीत विकता येत होती म्हणून, चार मित्रांत एक घेऊन आळीपाळीनं खेळता येत होती म्हणून. डाउनलोड आल्यावर ही देवाणघेवाण संपली. खेळून झालेला खेळ धाकट्या भावाला द्यायचा तर त्याला आपलं सगळं खातंच द्यावं लागतं आणि बहुतेक कंपन्यांच्या अटींत तेही बसत नाही. वारसाला खातं देण्याचीही सोय नसते.

तरीही आजच्या डिस्कबद्दल खोटी आशा बाळगण्यात अर्थ नाही. पुष्कळ खेळ डिस्कवर अपुरे येतात आणि उरलेला भाग पहिल्या दिवशी इंटरनेटवरून उतरवावा लागतो. 2025 मध्ये आलेल्या निन्टेंडो स्विच 2 साठी काही खेळांच्या कार्डात तर खेळ नसतोच, फक्त तो उतरवून घेण्याची किल्ली असते. प्लेस्टेशन 4 च्या आत घड्याळासाठी एक छोटी बटणासारखी बॅटरी असते. ती संपली आणि सोनीच्या सर्व्हरशी संपर्क झाला नाही, तर डिस्कवरचे खेळसुद्धा अडायचे. हौशी लोकांनी हे शोधून आरडाओरड केली आणि 2021 च्या सप्टेंबरमधल्या अपडेटमध्ये ते दुरुस्त झालं. आरडाओरड झाली नसती तर आणखी काही वर्षांनी लाखो डिस्क निरुपयोगी ठरल्या असत्या.

मामांकडे माळ्यावर नव्वदच्या दशकातलं एक मशीन आहे, जॉयस्टिकच्या वायरी गुंडाळून ठेवलेलं, आणि त्याच्या पिवळ्या कॅसेटी. गेल्या खेपेला मी एक कॅसेट उघडली. आत बोटभर लांबीचं हिरवं सर्किट, मधोमध काळ्या राळेचा सुकलेला थेंब, त्याखाली चिप. कावेरीच्या खोऱ्यातल्या दमट हवेनं पितळी रंगाचे दात काळवंडले होते. खोडरबरानं घासले, मग कापसाला स्पिरिट लावून पुसले, मशीनमध्ये दाबली आणि टीव्हीवर रणगाडे आले. मामांच्या नातवानं विचारलं, “याला पासवर्ड नाही?” नाही. ती चिप कोणाला विचारत नाही. वीज मिळाली की ती चालते.

त्या पिवळ्या कॅसेटी चोरीच्या नकला होत्या. जपानी कंपन्यांना त्यातून एक पैसाही मिळाला नाही आणि तो अन्याय होता. पण त्या काळात भारतीय मुलांनी जे खेळलं ते आज पुन्हा चालवून पाहता येतं ते बहुतांशी या नकलांमुळेच, हेही तितकंच खरं. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशननं 2023 मध्ये पाहणी केली, तेव्हा 2010 पूर्वी तिकडे प्रकाशित झालेल्या खेळांपैकी 87 टक्के बाजारात रीतसर विकत मिळत नाहीत असं दिसलं. कायदेशीर दुकानातून जुना खेळ सहसा मिळत नाही, आणि जो मिळतो तो बहुधा कोणीतरी परवानगीशिवाय नकलून ठेवलेला असतो.

ताडपत्राची गोष्टही अशीच आहे. ताडपत्र तमिळनाडूच्या हवेत फार टिकत नाही. गवती चहाचं तेल लावून त्याला कीड आणि बुरशीपासून जपतात, तरी शेवटी ते ठिसूळ होतंच. म्हणून पोथी जुनी झाली की नकलून घ्यायची, हा शतकानुशतकं चाललेला क्रम. आज आपण जी पोथी वाचतो ती बहुधा नकलेची नक्कल असते. सरफोजींनी उत्तरेतून जे आणलं त्यात नकलून घेतलेलंही पुष्कळ होतं. नकलेवर बंदी असती तर या ग्रंथालयात हजारो संस्कृत पोथ्या आणि तीन हजारांवर मराठी हस्तलिखितं उरली नसती.

तेव्हा डिस्क की डाउनलोड हा वाद मला आता दुय्यम वाटतो. एखादी वस्तू माझी आहे हे मी तीन गोष्टींवरून ओळखतो. ती मला कोणाला न विचारता वापरता येते. ती मला दुसऱ्याला देता येते. आणि ती झिजण्यापूर्वी मला तिची नक्कल करून ठेवता येते. पिवळ्या कॅसेटीत पहिल्या दोन होत्या. आजच्या डिस्कमध्ये दुसरी आहे, पहिली कधी असते, कधी नसते. जीओजी नावाचं एक ऑनलाइन दुकान आहे, तिथून घेतलेल्या खेळाची फाइल कुठेही साठवता येते आणि इंटरनेटशिवाय चालते. तिथे पहिली आणि तिसरी आहे, दुसरी नाही. म्हणजे डाउनलोडमध्ये मालकी अशक्य आहे, असं नाही. आमच्या धंद्यानं ती काढून टाकायचं ठरवलं, एवढंच. तो निर्णय माणसांनी घेतलेला आहे आणि माणसांना तो बदलता येतो.

आपला कायदा या बाबतीत वाटतो त्यापेक्षा उदार आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 52 संगणक प्रोग्रॅमची प्रत कायदेशीरपणे बाळगणाऱ्याला नुकसानीपासून बचावापुरती बॅकअप प्रत करू देतं. 2012 च्या दुरुस्तीनं आलेलं कलम 65अ डिजिटल कुलूप तोडणं गुन्हा ठरवतं, पण हक्कभंगाचा हेतू असेल तरच. सर्वोच्च न्यायालयानं 2004 मध्ये टीसीएसच्या खटल्यात सीडीवरचं सॉफ्टवेअर ही विक्रीयोग्य वस्तू मानली. 2021 च्या मार्चमध्ये इंजिनिअरिंग अ‍ॅनालिसिसच्या प्रकरणात न्यायालय म्हणालं, की करारावर ‘परवाना’ लिहिलेलं असलं तरी ग्राहक पैसे मोजतो ते प्रतीसाठी, कॉपीराइटच्या हक्कासाठी नव्हे. दोन्ही निकाल करांच्या वादातले आहेत, ग्राहकाच्या हक्काचे नाहीत. तरीही त्यांच्या आधारावर ग्राहक आयोगात उभं राहता येईल असं मला मनापासून वाटतं, आणि कोणीतरी उभं राहावं अशी इच्छा आहे.

भारतातल्या मुलांनी हे सील एकदा पाहिलेलं आहे. 2 सप्टेंबर 2020 ला सरकारनं पबजी मोबाइलवर बंदी घातली, 30 ऑक्टोबरला भारतातले सर्व्हर बंद झाले. खाऊचे पैसे साठवून मुलांनी त्यात पोशाख आणि बंदुकांचे रंग घेतले होते. पुढच्या वर्षी बीजीएमआय हा त्याचाच भारतीय अवतार आला, तेव्हा जुनी खाती तिकडे नेण्याची सोय कंपनीनं दिली. 2022 च्या जुलैत तोही दुकानांतून काढला गेला, 2023 च्या मे महिन्यात परतला. बंदीची कारणं राष्ट्रीय सुरक्षेची होती, त्या वादात मी शिरत नाही. पण तेरा-चौदा वर्षांच्या मुलानं पैसे दिले, वस्तू मिळाली, वस्तू गेली, वस्तू परत आली, आणि यातल्या एकाही टप्प्यावर कोणी त्याला विचारलं नाही. 1862 साली जमिनी परत मिळाल्या त्याही अशाच.

बाहेर हालचाल सुरू झाली आहे. कॅलिफोर्नियात 1 जानेवारी 2025 पासून डिजिटल वस्तू विकताना हा फक्त परवाना आहे असं ग्राहकाला स्पष्ट सांगावं लागतं. पण नुसतं सांगितल्यानं काही परत मिळत नाही. त्यापेक्षा मला युरोपातली ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम जवळची वाटते. ‘द क्रू’ बंद पडल्यावर ती सुरू झाली आणि 2025 च्या जुलैत युरोपीय नागरिकांच्या दहा लाखांहून अधिक सह्या तिला मिळाल्या. मागणी साधी आहे: सर्व्हर बंद करताना खेळ चालू राहील अशा अवस्थेत सोडून जा. तांत्रिकदृष्ट्या हे नेहमी स्वस्त पडतं असं नाही. पण खेळ आखतानाच त्याचा शेवट आखला, तर ते बऱ्याचदा शक्य असतं, हे मी या कामातला माणूस म्हणून सांगतो.

तंजावरच्या संग्रहाचं पुढे काय झालं? राजघराण्याच्या वारसांत वाटण्या झाल्या तेव्हा त्यांनी ग्रंथालय वाटून घेतलं नाही. देखभालीसाठी एक लाख रुपये देऊन ते सार्वजनिक केलं, आणि 5 ऑक्टोबर 1918 च्या हुकुमानं मद्रास सरकारनं ते ताब्यात घेतलं. आज कोणीही तिथे जाऊ शकतो.

खेळांसाठी अशी जागा आपल्याकडे नाही. 1954 च्या कायद्यानं भारतात प्रकाशित झालेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत चार ग्रंथालयांना पाठवावी लागते: कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कोनेमारा, मुंबईच्या टाऊन हॉलमधलं मध्यवर्ती ग्रंथालय आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी. त्या कायद्यात पुस्तकं आणि वर्तमानपत्रं आहेत, संगणक खेळ नाहीत. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं 2020 मध्ये ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ काढला, भारतीय पुराणकथांतून उभा केलेला, जगभर खेळला गेलेला खेळ. तो जपून ठेवण्याची कायदेशीर जबाबदारी या देशात एकाही ग्रंथालयावर नाही. मी आणि माझे काही सहकारी त्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारा मसुदा लिहायला बसलो आहोत. खेळाची कुलूप नसलेली प्रत आणि सर्व्हरची फाइल प्रकाशनाच्या वेळीच ग्रंथालयात जमा व्हावी, आणि कंपनीनं सर्व्हर बंद केला की ती वाचकांसाठी उघडावी, एवढंच त्याचं पहिलं कलम आहे.